लग्नाची कॅसेट माळ्यावर कुजू देऊ नका

वाचकहो, मृगाचा पाऊस सुरू झाला की आमच्या गगनबावड्यात घरातल्या सगळ्या वस्तूंना एकच वास येऊ लागतो. कपाटातली लुगडी, पेटीतले कागद, माळ्यावरची घोंगडी, सगळे ओलसर. बहुतेक वर्षी या तालुक्यात पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि करूळ घाटातून वर येणारे धुके आषाढात दिवसचे दिवस घराबाहेर हलत नाही. भात, नाचणीचे बियाणे या दिवसांत कसे जपावे हे मी नोकरीच्या इतक्या वर्षांत शेकडो बैठकांतून सांगितले असेल. पण त्याच माळ्यावर, बियाण्याच्या डब्याशेजारी, आणखी एक बियाणे कुजत पडलेले असते. त्याच्याकडे माझेही लक्ष फार उशिरा गेले.

ते म्हणजे घरातल्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट.

भारतात १९८२ साली रंगीत दूरदर्शन आले. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत व्हिडिओवाला खेड्यातल्या लग्नाच्या मांडवापर्यंत पोहोचला. खांद्यावर कॅमेरा, हातात झगझगीत दिवा आणि मागे वायर धरून पळणारा पोरगा, हे दृश्य पुष्कळांना आठवत असेल. त्या वेळी दोन-तीन तासांची एक काळी कॅसेट घरी आली. पाहुण्यारावळ्यांनी चार वेळा पाहिली. मग व्हीसीआर बिघडला, कॅसेट माळ्यावर गेली आणि तिथेच राहिली.

माझी चूक

दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतःची चूक सांगणे बरे. माझ्या बहिणीचे लग्न १९९३ साली आमच्या घरापुढच्या खळ्यात झाले. वडील २००१ साली गेले. त्यांचा बोलता-चालता असा एकच पुरावा घरात होता, तो म्हणजे ती कॅसेट. २०१२ सालच्या श्रावणात आईला दाखवावी म्हणून मी ती खाली काढली, ओळखीच्याकडून व्हीसीआर मागून आणला आणि कॅसेट घातली. तिच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसत होती. धूळ असेल असे समजून मी फडक्याने वरवर पुसले. दहा मिनिटांत पडद्यावर बर्फ पडल्यासारखे झाले, यंत्र करकरले आणि फीत आत गुंडाळली गेली. मी ती ओढली. तुटली.

पुढे कोल्हापुरातल्या एका जाणकाराने चाळीसेक मिनिटांचा भाग वाचवला. त्यात वरात आहे, जेवणाच्या पंगती आहेत. कन्यादानाचा भाग गेला आणि त्याबरोबर वडिलांचा आवाजही. दोष कुणाचा नाही, माझाच. भाताच्या पोत्यावर एवढी बुरशी दिसली असती तर ते पोते मी चांगल्या बियाण्याजवळ ठेवू दिले नसते. कॅसेटच्या बाबतीत मात्र माझी बीएस्सी उपयोगी पडली नाही.

फीत खराब का होते

कॅसेटमधली फीत म्हणजे पॉलिएस्टरची बारीक पट्टी. तिच्यावर चुंबकीय कणांचा थर एका चिकट द्रव्याने बसवलेला असतो. चित्र आणि आवाज त्या कणांत असतात. चिकट द्रव्य हवेतली ओल शोषते, हळूहळू मऊ पडते आणि कण सुटू लागतात. ओलीबरोबर बुरशी येते. ती आधी फितीच्या कडेवर पांढऱ्या भुकटीसारखी दिसते. अशी फीत यंत्रात फिरवली की बुरशी चित्र वाचणाऱ्या डोक्याला चिकटते आणि पुढे त्या यंत्रात घातलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला लागते. एका रोगट बियाण्याने सारी रोपवाटिका बिघडावी तसाच हा प्रकार.

दुसरी अडचण यंत्राची. नवे व्हीसीआर आता बनत नाहीत. जपानमधल्या फुनाई कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबवले. आज जे चालू आहेत ते सगळे जुने आहेत आणि दर वर्षी कमी होत आहेत. तेव्हा पुढे कधीतरी बघू असे म्हणण्यात दोन बाजूंनी नुकसान आहे. फीतही जाते आणि ती वाचणारे यंत्रही जाते.

आपल्या कोल्हापूरचाच धडा

ही गोष्ट थोरामोठ्यांच्याही बाबतीत घडली आहे. सिनेमाच्या धंद्यात कोल्हापूरचे नाव मोठे. बाबूराव पेंटरांनी इथे ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला, तो १९२० साली. १९२५ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. सावकाराच्या कचाट्यात सापडून जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा. तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. आपल्या जिल्ह्यातला, आपल्याच दुःखावरचा तो चित्रपट. पण मूकपटांच्या त्या काळात देशभर जे शेकडो चित्रपट निघाले, त्यांतले फार थोडे आज शिल्लक आहेत. बाकीचे ओलीने, उष्णतेने, आगीने आणि हेळसांडीने गेले.

१९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्याला गेली. पुण्यातच १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या, ज्वालाग्राही नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली. प्रभातच्या काळातल्या कित्येक मूळ फिती त्यात जळाल्या. ज्या चित्रपटांच्या प्रती आधीच दुसऱ्या सुरक्षित फितीवर काढून ठेवलेल्या होत्या, ते चित्रपट वाचले. यातून आपण एवढेच घ्यायचे की एकच प्रत असेल तर ती नसल्यासारखीच समजावी. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर आपल्या माळ्याचा काय भरवसा?

पहिले काम: तपासणी आणि वाळवण

कॅसेट खाली काढल्यावर लगेच यंत्रात घालू नये. पुढील क्रम ठेवावा.

कॅसेटच्या पाठीवर, जिथे नावाची चिठ्ठी चिकटवतात त्या बाजूच्या कोपऱ्यात, प्लॅस्टिकची एक छोटी टिकली असते. ती मोडून टाकावी. टिकली मोडली की त्या कॅसेटवर चुकून दुसरे काही रेकॉर्ड होत नाही. मुलांच्या हाताने लग्नावर क्रिकेटचा सामना उतरल्याची उदाहरणे माझ्या पाहण्यात आहेत.

मग उजेडात धरून खिडकीतून फितीच्या कडा पाहाव्यात. पांढरे ठिपके किंवा भुकटी दिसली तर ती कॅसेट निराळी काढावी आणि घरच्या यंत्रात अजिबात घालू नये. नाकातोंडाला फडके बांधूनच हाताळावी, कारण ती भुकटी छातीला चांगली नाही. अशी फीत साफ करणारे जाणकार असतात. ते काम त्यांच्याकडेच द्यावे.

बुरशी नसेल तरी ओल असतेच. कॅसेट उन्हात ठेवू नये, चुलीच्या वर तर मुळीच नको. उष्णतेने फीत वाकते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्यात कॅसेट आठवडाभर उभी ठेवावी. औषधाच्या बाटल्यांत आणि नव्या बुटांच्या खोक्यांत या पुड्या येतात, त्या टाकू नयेत. शक्यतो हे सगळे काम फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत उरकावे. वळवाच्या आधी घर शाकारतो, तसे हे कामही पावसाच्या आधीचे समजावे.

दुसरे काम: फीत संगणकावर उतरवणे

कॅसेटमधले चित्र संगणकात घेण्यासाठी चालू व्हीसीआर, संगणक आणि मध्ये जोडायचे एक छोटे यंत्र लागते. त्याला कॅप्चर कार्ड म्हणतात. व्हीसीआरच्या मागून निघणारी पिवळी तार चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. जुन्या व्हीसीआरला आवाजाची एकच तार असते. त्याने बिघडत नाही.

आधी घरातली बिनकामाची कॅसेट घालून यंत्र नीट चालते का ते पाहावे. पडद्यावर बर्फ दिसला तर डोके साफ करून घ्यावे. मग आपली कॅसेट न पाहता एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे वर्षानुवर्षे एका जागी बसलेली फीत सारखी ताणली जाते. संगणकावर पाल ही पद्धत निवडावी. आपल्याकडची चित्रे पाल पद्धतीची आहेत, म्हणजे सेकंदाला २५ चित्रे. चुकून दुसरी पद्धत निवडली गेली तर रंग उडतात किंवा चित्र उड्या मारते.

या कामात घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात. डीव्ही पद्धतीने उतरवले तर एका तासाला साधारण १३ जीबी जागा लागते, तेव्हा संगणकात आधी जागा मोकळी करावी. वीज जाण्याची भीती असेल तर लॅपटॉप वापरावा, पण व्हीसीआरला वीज लागतेच. म्हणून वारा-पाऊस नसलेला दिवस धरावा.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे काम: म्हाताऱ्या माणसांजवळ बसणे

आता मी गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट सांगतो. कुंभी नदीच्या खोऱ्यातल्या एका वाडीत माझे जाणे-येणे आहे. तिथल्या एका आजींच्या घरी १९९६ सालची, मोठ्या मुलाच्या लग्नाची कॅसेट होती. आजोबा जाऊन बारा वर्षे झाली. दोन्ही मुलांची वाटणी झाली आहे. दोघे भाऊ बांधाला बांध लावून राहतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. आजी धाकट्याकडे, कॅसेटही धाकट्याकडे. लग्न थोरल्याचे, पण त्याच्या मुलांनी ते कधी पाहिलेले नाही आणि आजोबांचा आवाजही त्यांच्या कानी नाही.

कॅसेट बरी निघाली. तालुक्याच्या गावी एका दुकानात ती डीव्हीडीवर उतरवली. पण दुकानदाराने पावणेतीन तासांची सलग फीत जशीच्या तशी उतरवून दिली. मी ती घेऊन गेलो. आजी सतरंजीवर बसल्या. पहिला पाऊण तास मांडव, पाहुणे आणि सिनेमाची गाणी. आजींच्या कमरेला कळ लागली.

त्या म्हणाल्या, “सायेब, ह्ये सगळं बघत तीन तास कोण बसतंय? मला आपलं त्येंचं तेवढं दावा.”

मी बटण दाबून पुढे पळवू लागलो. आजोबा कुठे आहेत ते मला माहीत नव्हते. कधी पुढे गेलो, कधी मागे. शेवटी आजींना झोप लागली. त्या दिवशी कळले की नुसते उतरवून भागत नाही. वाट दाखवली पाहिजे.

दुसऱ्या रविवारी मी वही आणि पेन घेऊन गेलो. आजींची शाळेत जाणारी नात शेजारी बसवली. संगणकावर चित्र लावले. दर थोड्या वेळाने थांबवायचे, आजींनी सांगायचे, नातीने पडद्यावरची वेळ आणि नावे लिहायची. हळदीच्या भागात दाराशी बैल बांधलेले दिसले. कॅमेरा आजोबांकडे वळला. आजोबा हात हलवून म्हणत होते, “माझं काय घेतोस, बैलांचं घे!” कॅमेरा बैलांवर गेला आणि मागून आजोबांचा आवाज येत राहिला. ते बैलांची नावे सांगत होते.

आजी काही बोलल्या नाहीत. नातीने मात्र विचारले, “ह्यो आजोबांचा आवाज?” तिने तो पहिल्यांदा ऐकला होता.

त्या दुपारी आजींनी तेवीस माणसे ओळखली. पंगतीत वाढणारा कोण, इरले घेऊन पावसात उभी असलेली बाई कोण, वरातीपुढे लेझीम खेळणारे कुठल्या वाडीचे. दोन माणसे मात्र त्यांना ओळखता आली नाहीत. “ती वळखणारं माणूस गेल्या पावसाळ्यात गेलं,” एवढेच त्या म्हणाल्या. वहीत त्या दोघांपुढे जागा मोकळी आहे. आता ती तशीच राहील.

वाचकहो, फीत साफ करता येते, यंत्र भाड्याने मिळते. पण चेहऱ्याला नाव देणारे माणूस एकदा गेले की ते काम कोणतेही यंत्र करू शकत नाही. म्हणून हे काम आधी करावे, बाकी सगळे मागून.

चौथे काम: प्रकरणे पाडणे

पुस्तकाला जशी प्रकरणे असतात तशी डीव्हीडीलाही पाडता येतात. शेताच्या भाषेत बोलायचे तर सलग रानाचे गट पाडावेत आणि प्रत्येकाला नंबर द्यावा, तसेच हे. रिमोटवरचे पुढे जाण्याचे बटण दाबले की चित्र थेट पुढच्या प्रकरणावर जाते.

त्या घरासाठी नातीच्या वहीवरून आम्ही अशी प्रकरणे पाडली:

१. मांडव आणि मुहूर्तमेढ
२. पाहुण्यांचे येणे
३. हळद
४. आजोबा आणि बैल
५. लग्न लागले
६. पंगती
७. वरात
८. घरात पाऊल, लक्ष्मीपूजन

आठ-दहा प्रकरणे पुरेत. फार पाडली तर पुन्हा गोंधळ होतो. प्रकरणाची खूण बोलणे चालू असताना करू नये, दृश्य बदलते तिथे करावी. डीव्हीडीमध्ये ही खूण नेमक्या क्षणावर न बसता जवळच्या पूर्ण चित्रावर बसते, म्हणजे अर्धा सेकंद इकडेतिकडे होऊ शकतो. वाक्याच्या मध्ये खूण केली तर पहिला शब्द तुटतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साध्या प्रकरणात एक संपले की पुढचे आपोआप सुरू होते. चौथे संपल्यावर परत यादीवर यावे असे वाटत असेल तर तो भाग स्वतंत्र तुकडा म्हणून घालावा आणि तो संपल्यावर यादीकडे जावे अशी आज्ञा द्यावी. म्हाताऱ्या माणसांसाठी हेच बरे.

पाचवे काम: यादीचे पान

डीव्हीडी लावल्याबरोबर पडद्यावर जे पान येते त्याला मेनू म्हणतात. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखेच ते असते, फक्त इथे नावावर जाऊन बटण दाबले की ते पान स्वतः उघडते. हे पान करण्यासाठी फुकट मिळणारे डीव्हीडी स्टायलरसारखे प्रोग्रॅम आहेत. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला दोन दिवसांत जमतात.

पान करताना या चुका टाळाव्यात.

अक्षरे मोठी आणि जाड घ्यावीत. बारीक आडव्या रेषा जुन्या टीव्हीवर थरथरतात. पडद्याच्या कडेला नावे लिहू नयेत. जुन्या टीव्हीत चारी बाजूंचा थोडा भाग कापला जातो, म्हणून प्रत्येक बाजूने दहावा हिस्सा जागा मोकळी सोडावी.

काही प्रोग्रॅममध्ये मराठी जोडाक्षरे फुटतात, ‘लक्ष्मी’चे भलतेच काहीतरी होते. यावर सोपा उपाय आहे. चित्र काढण्याच्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नावांसकट पूर्ण पान तयार करावे आणि ते चित्र म्हणून मागे लावावे. चित्र ७६८ बाय ५७६ या मापाचे करून मग ७२० बाय ५७६ करावे, म्हणजे टीव्हीवर चेहरे फुगलेले दिसत नाहीत. नावांवर फक्त बटणांच्या चौकटी ठेवाव्यात.

एका पानावर पाच-सहा नावेच ठेवावीत आणि उरलेली दुसऱ्या पानावर घ्यावीत. मागे गाणे लावण्याचा मोह आवरावा. यादीवर गाणे चालू राहिले की म्हातारी माणसे लग्न सुरू झाले असे समजून वाट पाहत बसतात. शक्य असल्यास प्रत्येक नावाशेजारी त्या भागातले एक छोटे चित्र ठेवावे. आजींना अक्षरओळख नव्हती. चौथ्या नावाशेजारी आम्ही बैलांचे चित्र ठेवले.

सहावे काम: तबकडी तयार करणे

साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावते. चांगल्या दर्जाचा एक तास किंवा बऱ्या दर्जाचे दोन तास तिच्यात बसतात. तीन तास कोंबले तर नाचणारी, धावणारी माणसे चौकोनी तुकड्यांसारखी दिसू लागतात. पायलीत दोन पायल्या भात बसवण्याचा हट्ट धरू नये. दोन तबकड्या कराव्यात.

तबकडीवर उतरवण्याआधी संगणकावरच व्हीएलसीसारख्या प्रोग्रॅममध्ये लावून प्रत्येक बटण दाबून पाहावे. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या तबकडीवर एक प्रत काढून घरातल्या प्लेअरवर तपासली तर आणखी चांगले. मग चांगल्या तबकडीवर कमी वेगाने, चारपटीच्या आसपास, उतरवावे. तबकडीवर कागदाची चिठ्ठी चिकटवू नये, फिरताना तोल जातो. तबकडीसाठी मिळणाऱ्या पेनने मधल्या कड्याजवळ नाव आणि तारीख लिहावी. उन्हात ठेवू नये.

दुकानात काम देणार असाल तर

सगळ्यांना घरी जमेलच असे नाही. दुकानात देताना चार गोष्टी आधी सांगाव्यात आणि लिहून द्याव्यात. पहिली, मूळ कॅसेट परत पाहिजे. दुसरी, आपल्या वहीतल्या वेळांप्रमाणे प्रकरणे पाहिजेत. तिसरी, मराठी यादीचे पान पाहिजे. चौथी, संगणकावर उतरवलेली मूळ फाईल पेनड्राइव्हवर किंवा हार्डडिस्कवर पाहिजे. ही चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात. जुन्या चित्रावर कुणी आपणहून नवी गाणी घालू लागले तर नको म्हणावे. गाणी बाजारात मिळतात. आपल्या माणसाचा आवाज बाजारात मिळत नाही.

डीव्हीडी म्हणजे अमरपट्टा नव्हे

आता काहीजण विचारतील, साहेब, आज मोबाईलच्या दिवसांत डीव्हीडी कशाला? प्रश्न रास्त आहे. नव्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडीची खोबणी क्वचितच असते. तरीही आमच्याकडच्या पुष्कळ वाड्यांत जुना टीव्ही आणि प्लेअर घरात आहे, पावसाळ्यात मोबाईलला रेंज नसते आणि आजीला रिमोटवरचे बटण ओळखीचे असते. तबकडीला रेंज लागत नाही. पण तीही टिकाऊ नाही. घरी उतरवलेल्या तबकडीतला रंगाचा थर उन्हाने, ओलीने खराब होतो. २००० सालानंतर लग्नांच्या ज्या व्हीसीडी घरोघर आल्या, त्याही आता दगा देऊ लागल्या आहेत. त्यांच्या प्रती आजच काढाव्यात.

म्हणून नियम असा ठेवावा: प्रती तीन, साधने दोन प्रकारची आणि एक प्रत दुसऱ्या गावी. एक डीव्हीडी घरी, एक हार्डडिस्कवर, एक लेकीच्या सासरी किंवा मुंबईच्या भावाकडे. पेनड्राइव्हवर यादीचे पान चालत नाही. तिथे प्रत्येक प्रकरणाची निराळी फाईल करून ०१, ०२, ०३ असे आकडे नावाआधी घालावेत, म्हणजे टीव्हीवर त्या ओळीने येतात. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, सगळ्या प्रती लावून पाहाव्यात. बियाण्याची उगवणशक्ती आपण पेरणीआधी तपासतो, तसेच हे. ज्या वहीत नावे लिहिली तिचेही फोटो काढून ठेवावेत.

या कॅसेटींत लग्नापलीकडेही पुष्कळ सापडते. चिखलातली रोप लावण, इरल्यांची रांग, गवताने शाकारलेली घरे, आता न दिसणारे बैल, मांडवामागच्या रानातले जुने पीक. पुढे कुणाला आपल्या खोऱ्यातली शेती कशी होती हे पाहायचे असेल तर ते अशाच घरगुती फितींत दिसेल. आपल्यासाठी ते वेगळे कुणी चित्रित करून ठेवलेले नाही.

दोन प्रती

काम पूर्ण झाल्यावर मी आजींना तबकडी नेऊन दिली. नातीने रिमोट त्यांच्या हातात दिला. आजींनी बैलांच्या चित्रावर जाऊन बटण दाबले. आजोबांचा आवाज आला. संपल्यावर यादी पुन्हा आली. आजींनी पुन्हा दाबले. तिसऱ्यांदाही.

मग त्या मला म्हणाल्या, “सायेब, अशी आनी एक हुईल काय?”

मी म्हटले, “होईल की आजी. पण कुणाला?”

त्यांनी बांधापलीकडच्या घराकडे बोट केले. “लगीन त्येचं. बाप त्येचाबी.”

दुसरी तबकडी मी स्वतः थोरल्याकडे नेऊन दिली. त्याने हात पुसून घेतली, आत गेला आणि दार लोटले. थोड्या वेळाने आतून आजोबांचा आवाज आला, “माझं काय घेतोस, बैलांचं घे!” धाकटा अंगणात गवत टाकत होता. त्याने हातातली पेंढी खाली ठेवली आणि तो तिथेच उभा राहिला. भाऊ बोलू लागले असे मी लिहिणार नाही, कारण ते अजून घडलेले नाही. पण रोप लावणीच्या वेळी थोरल्याची मुले आजीकडे येऊन बसत होती आणि बैलांची नावे विचारत होती.

जमिनीची वाटणी केली की तुकडे होतात. आवाजाच्या कितीही वाटण्या करा, प्रत्येकाच्या वाट्याला तो पुरा येतो.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, भगिनींनो, येत्या उन्हाळ्यात माळ्यावर चढा. कॅसेट खाली काढा, टिकली मोडा, बुरशी पाहा. आणि यंत्र शोधायला जाण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ वही घेऊन बसा. पाऊस काही थांबत नाही.